बाळू, तुला किडनीचा आजार नव्हता

बाळू,

कार्ले फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. बैलगाडा शर्यतीतला फोटो, डोक्याला फेटा, हातात माईक, कपाळभर गुलाल. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'किडनीच्या दुर्धर आजाराशी अखेरच्या श्वासापर्यंत झुंज देणारा मावळचा आवाज.' मी बसमधून उतरले, ते वाचलं आणि तिथेच उभं राहून तुला शिवी दिली. मनातल्या मनात नव्हे, तोंडाने. कणसं भाजणाऱ्या मावशीने वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तिला वाटलं असेल, भाऊ गेला आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुझ्या किडन्या शेवटपर्यंत ठणठणीत होत्या. लॅबचा तसा कागद माझ्या पर्समध्ये आहे. बिघडलं होतं ते मोठं आतडं. आतून जखमा, सूज, आणि दिवसातून चौदा-चौदा वेळा रक्त. अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव तू एकदाही पूर्ण उच्चारलं नाहीस. 'त्ये' म्हणायचास. "आक्का, आज त्ये लय हाय." सहा वर्षं तुझा आजार आपल्या दोघांत 'त्ये' होता.

गेलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं, असं तुझी बायको सविता मला दोनदा म्हणाली. मी तुला जिवंतपणीही हेच बोलत होते. तू गेलास म्हणून भाषा कशाला बदलू?

मला पहिल्यांदा कळलं ते नळावरून. लोणावळ्याला आमच्याकडे आलास की संडासात गेल्यावर नळ पूर्ण सोडून ठेवायचास. पंधरा-पंधरा मिनिटं पाणी वाहतंय. मला वाटलं, पाणी वाया घालवायची नवी खोड. मग एकदा तुझ्या अंथरुणावरची चादर तू स्वतः धुतलीस. ज्या माणसाने चहाचा कप कधी विसळला नाही, तो चादर धुतोय. अठ्ठावीस वर्षं मी कुसगावच्या रिसॉर्टमध्ये परक्या माणसांच्या चादरी मोजून लॉन्ड्रीला देते. कुठल्या डागाला गार पाणी लागतं आणि कुठल्याला गरम, हे मला झोपेतही सांगता येईल. माझ्यासमोर लाजायचं काय होतं? मी तुला सरळ विचारलं, "रक्त कुठून पडतंय?" तू भिंतीकडे तोंड करून बसलास. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, वाळू-खडीचे चार डंपर असलेला, शर्यतीच्या घाटावर हजारो माणसांना एका आरोळीत गप्प करणारा.

मग डॉक्टर झाले, दुर्बिणीची तपासणी झाली, गोळ्या झाल्या. स्टिरॉइडने तुझं तोंड सुजलं. गावात म्हणाले, बाळूशेठ सुटलाय, धंदा जोरात दिसतोय. तू हसून घेतलंस. स्टिरॉइड कमी केलं की रक्त परत सुरू. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मग रक्त गाळायचा एक उपाय सुचवला. तो सगळीकडे होत नाही, असंही सांगितलं. कागदावर चित्र काढून समजावलं. अंगात जंतू शिरला की त्याच्यावर तुटून पडणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्या तुझ्या बाबतीत तुझ्याच आतड्यावर तुटून पडल्यात. एका हातातून रक्त काढायचं, बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून फिरवायचं. चिडलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा त्या मण्यांना चिकटून राहतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत अंगात. आठवड्यातून एकदा, असं दहा वेळा.

"याने आजार मुळापासून जात नाही," त्या म्हणाल्या. "काहींना चांगला आराम पडतो, काहींना काहीच फरक पडत नाही. बघू या. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. कळलं?"

"कळलं की," तू म्हणालास. "चाळणी हाय."

"गाळणी," मी म्हटलं.

"त्येच ते. घाण वर, साफ माल खाली."

"घाण नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशी. तुमच्याच."

तू मान डोलावलीस. वाळू चाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात चाळणी एकदा बसली की बसली. मला तिथेच कळायला हवं होतं.

पहिल्या वेळी तुझ्या दोन्ही कोपरांत सुया लावल्या, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांना चिकटपट्टीने बांधले, आणि हात वाकवायचा नाही अशी ताकीद दिली. यंत्र गुरगुरायला लागलं. नळीतून रक्त पुढे सरकलं तशी तू अगदी खालच्या आवाजात सुरुवात केलीस, "आली, आली, कार्ल्याच्या बाळूशेठची बारी आली... निशाणाजवळ आली..." सिस्टर वळून बघायला लागली. शेजारच्या खुर्चीतले एक आजोबा फिस्सकन हसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

दहा मिनिटांनी म्हणालास, "आक्का, नाक."

"काय झालं नाकाला?"

"खाजवतंय. अगं लवकर कर."

"कुठे?"

"डावीकडं. वर. अगं तितं न्हाई, वर, वर. नाक खाजवती का जेसीबी चालवती?"

त्या दिवशी तासाभरात मी तुझं नाक अकरा वेळा खाजवलं. लहानपणी तुझं नाक पुसायचे तेव्हाही तू असाच सूचना द्यायचास.

आणि त्याच दिवशी, परत येताना, तू ते खोटं बोललास. चौकात चहाला थांबलो. दोन्ही कोपरांना पांढऱ्या पट्ट्या. तुझा संदीप आला. तुझ्याबरोबर शाळेत होता, तुझ्याबरोबर नापास झाला आणि घाटावर तुझ्या शेजारी घड्याळ घेऊन बसायचा, तो संदीप. त्याने पट्ट्या बघितल्या.

"दोन्ही हाताला? डायलिसिस का काय, बाळ्या?"

"व्हय."

"किडनी?"

"व्हय."

चहा निवायच्या आत झालं. गाडीत बसल्यावर मी तुला झापलं. तू म्हणालास, "मग काय सांगू? ढुंगणातनं रगात जातंय सांगू? उद्या माईक हातात घेतला की मागनं पोरं काय वरडतील, म्हाईत हाय तुला?"

"ओरडू देत."

"तुला काय कळतंय त्यातलं. तू चादरी मोज."

ते वाक्य मी अजून विसरले नाही. विसरणारही नाही. तुझ्या चादरी मीच मोजत होते.

पण पुढचं ऐक, कारण यात मी तुझ्यापेक्षा काही फार चांगली नाही. मी त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात आबांनी, आपल्या चुलत्यांनी, मला विचारलं, "डायलिसिस झालं का पोराचं?" मी म्हटलं, "झालं." तिसऱ्या आठवड्यापासून मला तो शब्द तोंडात घालावा लागला नाही, आपोआप यायला लागला. गावाने तुझ्या ताटातलं मीठ काढलं, डाळ काढली. कुणी पुनर्नव्याचा पाला आणून दिला. किडनी म्हणजे मानाचा आजार. त्याला लोक चपला काढून भेटायला येतात.

संदीप तर तळेगावला जाऊन रक्तगट तपासून आला. तुझ्याशी जुळला. तो पेढे घेऊन आला, बाळू. "एक माझी घे," म्हणाला, "दोन काय करायच्यात मला? तुझ्याबिगर घाटावर कोन इचारतंय?" मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. तू पेढा खाल्लास. त्याच्या पाठीवर थाप मारलीस, म्हणालास, "बघू रं, येळ आली की सांगतो."

त्याच्या बायकोने घरात रान उठवलं. दोन पोरी आहेत पदरात, नवरा किडनी वाटत फिरतोय. दोघांचं महिनाभर बोलणं बंद होतं. तुला हे सगळं माहीत होतं. मी तुला म्हटलं, "संदीपला तरी सांग." तू म्हणालास, "त्याच्या पोटात ऱ्हाईल व्हय काई?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी पोट फाडायला निघालाय तो." तू टीव्हीचा आवाज वाढवलास.

पाचव्या वेळेनंतर फरक पडला. चौदाचे चार झाले. रक्त जवळजवळ थांबलं. तू माझ्या घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्यास आणि नळ न सोडता संडासात जाऊन आलास. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो नळाचा न येणारा आवाज ऐकला, आणि देवाला नाही, त्या मण्यांना हात जोडले.

मग यात्रांचा हंगाम आला. आज या गावाचा घाट, उद्या त्या गावाचा. सहावी वेळ चुकवलीस. सातवी चुकवलीस. डॉक्टरीणबाईंकडून मला फोन. मी तुला फोन. "आगं, रगात गाळून झालंय न्हवं? पाच येळा गाळलंय. आता गोळ्या कशाला आन् काय कशाला?" म्हणजे गोळ्याही बंद! मी विचारलं, "किती दिवस झाले?" म्हणालास, "पंधरा दीस." फोनमागे तुझ्या स्पीकरची चाचणी चालू होती, हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. मी किंचाळले ते तुला ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक.

आणि जे मला नंतर कळलं ते असं. रक्त परत सुरू झाल्यावर घाटावर पाच-पाच तास उभं राहता यावं म्हणून तू मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या, पोट बांधायच्या गोळ्या घेत होतास. सकाळी दोन, दुपारी दोन. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, सूज असताना या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आतडं फुगून बसतं. मी शेजारी बसून ऐकलं होतं. तूही ऐकलं होतंस.

तुझ्यावर मी एवढी चिडलेय त्याचं कारण तू भित्रा होतास हे नाही. भित्र्या माणसांवर मी चिडत नाही. माझ्या सासरच्यांनी रिसॉर्टची नोकरी धरायला विरोध केला, तेव्हा तू आलास आणि त्यांच्या ओट्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिलास. जेवला नाहीस, पाणी प्यायला नाहीस. माझे सासरे म्हणाले, हॉटेलात कामाला जाणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील? तू म्हणालास, "म्हणू द्या की. नावं आन् पत्ते लिहून ठेवा, मी एकेकाच्या घरी जाऊन येतो." तेव्हा तेवीस वर्षांचा होतास. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला गेले. माझी मुलं शिकली ती त्या ओट्यावरच्या तुझ्या बैठकीमुळे. एवढं धाडस माझ्यासाठी होतं तुझ्याकडे. स्वतःसाठी चार शब्द नव्हते.

परंदवडीच्या बाजूच्या त्या घाटावर तुझं पोट ढोलासारखं फुगलं. ताप होता. तू माईक संदीपच्या हातात दिलास आणि मंडपाच्या खांबाला धरून खाली बसलास. सहाजणांनी तुला उचलून हायवेलगतच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, काय आजार आहे? सहाजण एका सुरात म्हणाले, किडनी, डायलिसिस चालू आहे. डॉक्टरने तुला विचारलं. संदीपने मला हे शब्दशः सांगितलंय, त्याला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरने पोट दाबून विचारलं, "संडासातून काही त्रास? रक्त वगैरे?" तू शुद्धीवर होतास. सहाजण तुझ्या खाटेभोवती उभे होते. तू म्हणालास, "न्हाई. किडनीचंच हाय."

बाळू, मी हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा ऐकते. मरायला टेकलेला माणूस कुणासाठी खोटं बोलतो रे?

आता माझं. संदीपने मला फोन लावला. मी लिनन रूममध्ये होते, समोर टॉवेलांचे गठ्ठे. तो म्हणाला, "आक्का, बाळ्याचं डायलिसिस कधी चुकलं? डॉक्टर इचारत्यात." आणि मी म्हटलं, "दोन वेळा चुकलंय." इतकं सहज. एका हाताने टॉवेल मोजत. फोन ठेवला, रजा सांगितली, गाडी धरली. कामशेत ओलांडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय सांगून बसलेय. संदीपला फोन लावला, उचलेना. तो ॲम्ब्युलन्ससाठी धावत होता, कारण त्या दवाखान्यात डायलिसिसची सोय नव्हती आणि तुला सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं ठरलं होतं. मी पोहोचले तेव्हा तू ॲम्ब्युलन्सची वाट बघत पडला होतास आणि डॉक्टर हातातला कागद उलटसुलट करून बघत होता, किडनी तर नॉर्मल आहे म्हणत. मी दारातूनच ओरडून खरं सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून कुठे तोंड लपवावं कळत नाही. तास-दीड तास गेला होता. पुढे ऑपरेशन झालं. आतडं फुटलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

मी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तो दीड तास मिळाला असता तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मी म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून नका बोलू. त्या म्हणाल्या, तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं तर 'काहीच फरक पडला नसता' म्हणाले असते.

इथपर्यंत मी तुला माफ केलंही असतं कदाचित. निदान प्रयत्न केला असता.

चौथ्या दिवशी मी तुझ्याच घरात होते. घर बायकांनी भरलेलं. मी चहाचे कप उचलत होते, आणि संडासातून नळाचा आवाज आला. पूर्ण सोडलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी दाराबाहेर उभी राहिले. दार उघडलं आणि तुझी श्रुती बाहेर आली. एकोणीस वर्षांची पोर, ओठ पांढरे पडलेले.

"रक्त पडतंय?" मी विचारलं.

"पाळी आहे, आत्या."

"श्रुती."

"पाळी आहे म्हटलं ना."

मी तिचा दंड धरून मागच्या पडवीत नेलं. तिथे ती रडली. बापासाठी जितकी रडली नव्हती तितकी. दिवाळीपासून चाललंय. मग तिने सांगितलं, "पप्पांना माहीत होतं."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, कुनाला बोलू नको, आईला पन न्हाई. स्थळ बघतोय तुझ्यासाठी. लग्न झाल्यावर बघू."

बाळू, मी त्या पडवीत खाली बसले. तू स्वतःच्या आतड्याशी काय केलंस ते तुझं. पण तुझ्या आजाराची सगळी खडान्खडा माहिती असलेला तू, त्याच वाटेने निघालेल्या पोरीला नळ सोडायला शिकवलंस. मी तुला तेव्हा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मी म्हटलं, उद्या डॉक्टरांकडे. श्रुती नाही म्हणाली. सविताला सांगितलं, ती आधी हबकली, मग तीही म्हणाली, "तेरावं होऊ द्या वन्सं. सुतकात पोरीला दवाखान्यात नेलं तर लोक इचारतील." मी म्हटलं, "विचारू देत." श्रुतीने डोळे पुसत विचारलं, "मग मी काय सांगू आत्या? माझी पण किडनी?" तुझीच जीभ आहे तिला. मला हसूही आलं आणि तिच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

तिला फरफटत नेता आलं असतं. पण डॉक्टरसमोर ती तुझ्यासारखंच 'न्हाई' म्हणाली असती तर मी काय करणार होते? ती स्वतः बोलायला हवी होती, आणि आपल्या घरात हे बोलतात कसं, ते तिने कधी ऐकलंच नव्हतं.

दशक्रियेला नदीकाठी ही गर्दी. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाळूशेठची कसलीच इच्छा मागं ऱ्हायली न्हाई. मी म्हटलं, कशी राहील, सगळ्या पुरवल्यात आम्ही. महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच. प्रत्येकाने किडनीशी तुझी झुंज लावून दिली. मी बायकांत बसून ऐकून घेतलं. मग संदीप उठला. त्याला माईकची सवय नाही, तो नेहमी घड्याळच धरायचा. त्याने माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "माझी जुळत व्हती. मी येळ लावला. घरात भांडन नगं म्हणून थांबलो. मी आधी दिली असती तर आज ह्यो हितं असता." आणि खाली बसून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. मागे त्याची बायको बसली होती. बायका तिच्याकडे वळून बघत होत्या.

मी उठले. आपल्याकडे दशक्रियेला बाई माईकवर जात नाही. मी गेले. संदीपच्या हातातून माईक घेतला आणि म्हटलं, "माझ्या भावाला किडनीचा आजार नव्हता. त्याच्या मोठ्या आतड्याला जखमा होत्या. संडासातून रक्त पडायचं. त्याची त्याला लाज वाटायची, म्हणून त्याने खोटं सांगितलं आणि मी त्याला साथ दिली. पुण्याला जे चालायचं ते डायलिसिस नव्हतं, आतड्यासाठी रक्त गाळायचे. त्याचा त्याला गुण येत होता. त्याने ते अर्ध्यात सोडलं, गोळ्याही सोडल्या. शेवटी दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हाही तो खोटं बोलला, आणि फोनवर मीही बोलले. संदीप, तुझी किडनी त्याला लागणार नव्हती. तुझ्या बायकोने काही चुकीचं केलं नाही."

आबा पुढच्या ओळीतून म्हणाले, "बास कर पोरी. चार मान्सं बसल्यात."

"माणसं बसलीत म्हणूनच बोलले, आबा."

महाराजांनी घाईघाईने नामस्मरण सुरू केलं. संदीप तसाच वाळूत बसून माझ्याकडे बघत होता. "मंग मी रगात कशाला तपासलं, आक्का?" तो म्हणाला. "त्यानं पेढा खाल्ला ओ माझ्या हातचा. हासला व्हता." याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस. त्याची बायको येऊन त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या सदऱ्यावरची वाळू झाडायला लागली.

तुझं गुपित मी नदीकाठी स्पीकरवर मांडलं. त्याबद्दल तुझी माफी मागणार नाही. त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत. फ्लेक्सही कुणी बदललेला नाही. सविता माझ्या हातचं जेवली नाही. श्रुतीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि लोणावळ्याला परतताना मी स्वतःला म्हटलं, झालं, ही पोरगी आता माझ्याही हातून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "आत्या, त्या डॉक्टरांची वेळ घे."

काल गेलो. सविता आली होती, माझ्याशी न बोलता, मागच्या सीटवर. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक शिकाऊ डॉक्टर उभा होता, पंचविशीतला, नीटनेटका. एक सफाईवाले मामा फरशी पुसत होते. श्रुतीने त्या दोघांकडे बघितलं. डॉक्टरीणबाई तुझ्याबद्दल दोन शब्द बोलल्या, मग तिच्याकडे वळल्या. "बोल बाळा. काय होतंय?"

श्रुतीने माझ्याकडे बघितलं. सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, तारखांसकट. मी दात आवळून धरले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आयुष्यात एवढं गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं. सविताने पदर तोंडाला लावला. मामांचा फडका थांबला. आणि मला तू दिसलास, खाटेवर, भोवती सहाजण.

"संडासातून रक्त पडतंय," श्रुती म्हणाली. आवाज थोडा फाटला, मग तिने तो सरळ केला. "दिवाळीपासून. पप्पांसारखंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "दिवसातून किती वेळा?"

"सात," ती म्हणाली. "काल आठ."